गाण्याच्या मधलं बोलणं

२ मार्च, रविवार

जावईबापू सकाळच्या गाडीने नागपूरहून आले. (हात दुखतो. यापुढे जा. बा. लिहीन.) आमच्या लेकीला, संध्याला, ड्यूटी, म्हणून एकटेच. सोबत खोका. चहा यायच्या आत माझं कॅसेटचं कपाट उघडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, हे सगळं डिस्कच्या एका कोपऱ्यात बसेल."

कोपऱ्यात.

सेलूत आणि आजूबाजूच्या गावांत अख्खी उमर माईकसेट लावले. विहारासमोर जयंतीला गायन पार्टी आली की अ‍ॅम्प्लिफायरला वायर जोडून एकेक कार्यक्रम टेप करून ठेवला. फळ्या वाकल्या त्या वजनाने. आणि हे म्हणे कोपऱ्यात बसतं. विचारलं, मग एवढा मोठा डबा कशाला? तर उरलेल्या जागेत सिनेमे, हिच्या मालिका, नातवंडांचे कार्टून. घरातल्या घरात, टीव्हीवर, मोबाइलवर, कुठेही बघा.

जावयाला काय बोलणार. हसलो. हसताना दात दुखला.

४ मार्च

डबा टीव्हीच्या बाजूला ठेवला आहे. चार खण. दोनच भरलेले. बाकी दोन रिकामे कशाला, तर "पुढे लागेल तशी डिस्क वाढवता येईल, आताच सगळ्या घ्यायची गरज नाही." पुढे म्हणजे कधी ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या वयाच्या माणसासमोर पुढे हा शब्द जरा जपून वापरावा.

दुसरी गंमत. डिस्क दोन, पण जागा एकीचीच. जे एकीवर लिहिलं तेच दुसरीवर लिहिलं जातं. एक जळाली तर दुसरी आहे. हे मात्र पटलं. लग्नाच्या ऑर्डरला मीही दोन अ‍ॅम्प्लिफायर नेत होतो. एक गाडीतच राहायचा.

पण वायरलेस चालत असताना भिंतीला भोक पाडलं. वायरने पक्कं चालतं म्हणे. रंग दिवाळीत दिला होता. ही म्हणाली, "जावयाच्या हातचं भोक हाये, राहू द्या."

७ मार्च

झोप लागत नाही. कुलरची ओली हवा डब्यावर जाते. कुलर सरकवला तर ही उकडून मरते. डब्याचं बारीक घुर्र चालू असतं. लाईट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ धरेल? मुंग्या? गेल्या वर्षी मुंग्यांनी टीव्हीच्या पाठीत घर केलं होतं. जा. बां.ना फोनवर विचारलं. म्हणाले, "बाबा, टेन्शन नका घेऊ." घेणारा मी कोण, ते आपोआप येतं.

११ मार्च

कामाला लागलो. टेपची वायर जा. बां.च्या जुन्या लॅपटॉपला, लॅपटॉप डब्याला. कॅसेट लावायची, लाल बटण दाबायचं, बसून राहायचं. लॅपटॉपवर जागा नाही, म्हणून आवाज थेट डब्यात जातो. वर नाव मी टाईप करतो, एका बोटाने. टेपची चाकं फिरताना बघत बसलं की बरं वाटतं. डब्यात काहीच फिरताना दिसत नाही. त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

१५ मार्च

आज कळलं की जा. बा. नागपुरात बसून माझा डबा उघडू शकतात. मी टाकलेल्या फाईली तिथून बघतात, नीट लावतात. कौतुकाने सांगत होते. माझ्या घरातलं कपाट, किल्ली माझ्या कमरेला, आणि हात नागपूरहून आत येतो. यात कौतुक कशाचं?

आणखी एक. म्हणाले, "बाबा, एकच गाणं सात-आठदा आहे. सगळ्यात चांगलं एक ठेवू का?" म्हटलं, नको. "पण तेच गाणं, तीच पार्टी." म्हटलं, वर्ष वेगळं. पटलं नसावं. मूठभर जागा लागते म्हणून तेच सांगत होते ना? मग ती मूठभर जागा सोडवत का नाही?

१६ मार्च, रविवार

शेवंताबाई आली होती. विहाराच्या मागच्या गल्लीतली. माझ्यापेक्षा मोठी, कापसाच्या जिनात सरकी वेचण्यात जन्म गेला, कंबर वाकली पण जीभ सरळ आहे. दारातूनच, "अजाब, तुया डब्याची लय चर्चा हाये गावात. त्याच्यात मी हाये का, ते पाह्य."

कळेना. मग बसली आणि सांगितलं. नात सेवाग्रामला नोकरीवर लागली आहे, पुढच्या महिन्यात तिकडेच राहायला जाणार. काहीतरी कागद भरताना नात म्हणाली, आजी, तुझं नाव कुठंच नाही. घर आजोबांच्या नावावर, आता बाबांच्या. शेवंताबाई म्हणाली, कागदावर नसन, माईकवर तर घेतलं होतं. "तर पोरगी म्हणते, आजी फेकून राह्यली. मी फेकून राह्यली का रे?"

नाही फेकत. मला आठवतं.

गायन पार्टी रंगात आली की लोक बक्षिसाचे पैसे आणि नावाची चिठ्ठी पाठवत. कडवं संपलं की हार्मोनियम हळू व्हायचं आणि मी माईकवर नाव वाचायचो. लगेच पुढचं कडवं. अर्धे लोक गाण्यासाठी यायचे, अर्धे नावासाठी. ज्याला आयुष्यात कोणी नावाने हाक मारली नाही, मुकादमाने अरे म्हटलं, त्याचं पूर्ण नाव भोंग्यातून चार गल्ल्या ऐकू जायचं. नावं सगळी पुरुषांची. बाईने दिलं तरी नवऱ्याचंच वाचलं जायचं. एका वर्षी बायकांच्या बाजूने एक चिठ्ठी आली. कोणाकडून तरी लिहून घेतलेली. 'जिनातली शेवंताबाई.' नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. जयंती समितीच्या अध्यक्षांनी माझ्या खांद्यावरून वाचली आणि हाताने नको नको केलं. माझा नियम एकच होता. चिठ्ठीवर जे नाव, ते मी वाचतो. वाचलं.

कॅसेट शोधून देतो म्हटलं. ती उठता उठता, "लवकर. पोरगी गेल्यावर मले खरं करून काय भेटते?"

१९ मार्च

सापडली. निळ्या लेबलची. डब्यात टाकता टाकता पूर्ण ऐकली. दुसऱ्या बाजूला आहे. माझा आवाज, तेव्हाचा, भरदार. "जिनातली शेवंताबाई यांच्याकडून पार्टीला बक्षीस." मग एक कुजबूज. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी हसतो. आणि लांबून, बायकांच्या बाजूने, टाळ्या. थोड्याच, पण टाळ्या. त्या रात्री माझ्या लक्षातही आल्या नव्हत्या. मग हार्मोनियम.

हिला ऐकवायला बोलावलं तर ही भाकरी टाकत होती. म्हटलं, उद्या शेवंताबाईसोबतच ऐक, टीव्हीवर, मोठ्या आवाजात. निरोप पाठवला.

२० मार्च



शेवंताबाई नवं लुगडं नेसून आली. नात सोबत, हातात मोबाइल. हिने चहा केला. मी रिमोटने फाईल लावली. गाणं सुरू झालं. सुंदर. खरखर नाही, शिट्टी नाही. पहिलं कडवं संपलं आणि दुसरं सुरू झालं. दुसऱ्याला चिकटून तिसरं. मध्ये काहीच नाही. कोणाचंच नाव नाही. सगळं गाणं नदीसारखं वाहत गेलं आणि संपलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बाजूची फाईल लावली, त्यातही नाही.

नात मोबाइलकडे बघत होती. वाईट पोरगी नाही, पण ओठ दाबून बसली होती. शेवंताबाई टीव्हीकडेच बघत म्हणाली, "मंग मी सपन पाह्यलं का रे, अजाब?"

म्हटलं, नाही बाई, काल होतं. याच डब्यात होतं.

"हाव ना. मीबी तेच म्हणत होती, काल होतं."

चहा न पिता गेली.

२० मार्च, संध्याकाळी

फोन केला. जा. बा. खुशीत. "ऐकलंत का बाबा? क्लीन करून घेतलं. मध्ये मध्ये एक माणूस सारखा बोलत होता, गाण्याचा सगळा मूड तोडत होता. सॉफ्टवेअर बोलणं ओळखतं आणि काढून टाकतं. आता लागोपाठ ऐकता येतं."

एक माणूस. तो माणूस मी आहे हे मी सांगितलं नाही. का सांगावं? आठ वर्षं झाली लग्नाला, सासऱ्याचा आवाज ओळखता येत नाही.

विचारलं, मूळचं कुठे आहे? "ते काढलं बाबा. एकाच गोष्टीच्या दोन कॉप्या उगाच गोंधळ करतात." म्हटलं, हरकत नाही, दुसऱ्या डिस्कवर असेलच. तुम्हीच सांगितलं होतं, एक गेली तर दुसरी आहे. तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. "नाही बाबा. ती आरशासारखी आहे. डिस्क बिघडली तर दुसरी वाचवते. पण आपण हाताने काही पुसलं, तर दोन्हीकडून पुसलं जातं."

म्हणजे चोर घरात शिरला आणि आरशातलं सामानही घेऊन गेला. याला दोन डिस्क म्हणतात. मी दोन अ‍ॅम्प्लिफायर न्यायचो, तेव्हा एकाचं बटण बंद केलं म्हणून गाडीतला दुसरा बंद पडत नव्हता.

कचऱ्याच्या टोपलीसारखी एक सोय असते म्हणे, पुसलेलं काही दिवस त्यात राहतं. ती यांनी बंद ठेवली होती. जागा वाचवायला. दोन खण रिकामे ठेवून जागा वाचवायला.

म्हटलं, बरं बरं. ठेवतो. तब्येत सांभाळा.

२१ मार्च

घाई केली. मूळ कॅसेट तर आहे, पुन्हा टाकू म्हटलं. दुसरी बाजू लावली. थोडी चालली आणि टेपने पट्टी गिळली. खट करून थांबला. झाकण उघडलं तर पट्टी रोलरला गुंडाळलेली, चुरगळलेली, एका जागी तुटलेली. जुन्या पट्टीवरचा मसाला बोटाला लागला, तपकिरी.

कॅसेट रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. जेवलो नाही.

ही म्हणाली, "मशीनवर राग काढा, माणसावर काढा, पण जावयाले काई बोलू नका. आयकाले पोरीले लागते."

बोललो कुठे? एक शब्द बोललो नाही. सगळं इथेच लिहून ठेवतो आहे.

२३ मार्च, रविवार

जा. बा. आले नाहीत. फोन संध्याचा. तिला त्यांनी 'मधे बोलणाऱ्या माणसाचं' एक गाणं ऐकवलं होतं, अजून साफ न केलेलं. ती पहिल्या शब्दालाच म्हणाली, हे तर बाबा. फोनवर हसत होती, मग हसता हसता नाक ओढायला लागली. "बाबा, तुम्ही सांगितलं काऊन नाई त्याईले?"

म्हटलं, विचारलं नाही त्यांनी.

"तुम्ही बी ना."



२६ मार्च

चौकात शेवंताबाई भेटली. भाजी घेत होती. मी समोर गेलो नाही, तीच आली. म्हटलं, बाई, चूक माझी नाही, माझ्या घरात झाली. पट्टी तुटली, जोडून बघतो.

"तुया जावई शिकला सवरला हाये ना?"

हो म्हटलं.

"मंग त्याचं बरोबर हाये. गाणं आयकाचं असन तर नावं कायले पाह्यजे? आमाले गाणं थोडंच आयकाचं होतं." असं म्हणून टमाट्याला बोटाने दाबून पाहिलं आणि परत ठेवलं.

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात. बाई दिसायला शांत. मला नसतं शांत राहता आलं. मला राहताही येत नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. जा. बा., संध्या, मुलं, सगळे. मुलं आल्या आल्या डब्यावरचं कार्टून लावून बसली. जा. बां.नी पिशवीतून एक नवी डिस्क काढली. माफी वगैरे नाही. खाली बसले, स्क्रू काढले आणि डिस्क तिसऱ्या खणात सरकवली. मग बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, डब्याकडे बघत.

ही डिस्क आरशात नाही. वेगळी. तुमच्या कॅसेटच्या मूळ फाईली फक्त इथे. एकदा आलं की पुसता येणार नाही असं कुलूप लावतो. मलाही पुसता येणार नाही. आणि आमच्या घरी नागपूरला एक छोटा डबा घेतला आहे, रोज रात्री इथलं नवं तिकडे उतरेल. इथे काही झालं तरी तिथे राहील. गाणी ऐकायला साफ केलेली वेगळी, मूळ वेगळं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कॅसेट वाढल्या तर चौथा खण आहेच.

योजना चांगली आहे. हेच पहिल्या दिवशी करायला काय झालं होतं? कपाटात काय आहे हे विचारायला काय झालं होतं? मोठा खर्च करून, खण मोजून, वायर ओढून, भिंतीला भोक पाडून सगळी तयारी केली, आणि ठेवायचं काय हे कोणी विचारलंच नाही.

हे बोललो नाही. फक्त म्हटलं, पुसलेलं परत येतं का?

प्रोग्राम लावून दोन रात्री शोधलं म्हणाले. बरंचसं आलं, ते नाही आलं. त्या जागेवर नंतर दुसरं लिहिलं गेलं असावं. टीव्हीवर कार्टून चालू होतं. एक ससा दुसऱ्याच्या डोक्यावर भांडं मारत होता. आम्ही दोघंही तिकडे बघत बसलो.

जेवताना जा. बा. हळूच, "बाबा, आवाज काय भारी होता तुमचा." म्हटलं, मूड तोडत होता. संध्याने मला टेबलाखालून पाय मारला.

१ एप्रिल

पट्टी जोडली. कॅसेटचे पाच स्क्रू, ब्लेड, जोडपट्टी. तुटलेलं जुळलं. चुरगळलेला भाग चमच्याच्या पाठीने काचेवर सपाट केला, पण सुरकुत्या राहिल्याच. पेन्सिलीने हळूहळू गुंडाळली. नाव त्या सुरकुत्यांत आहे की पुढे, हे बाहेरून कळत नाही. पट्टी सगळीकडे सारखीच तपकिरी.

जा. बां.चा फोन. लावू नका बाबा, रविवारी मी येतो, टेपचं रोलर नवीन टाकू, रेकॉर्डिंग चालू ठेवूनच लावू. कदाचित एकदाच चालेल. बरोबर बोलले. बरोबर बोलले म्हणून आणखी राग आला.

३ एप्रिल

शेवंताबाई येऊन बसली. डब्याकडे बोट करून, "हेच का ते भांडं?" मग सरळ मुद्द्यावर. "पट्टी चालो न चालो. तू मेला नाईस, मी मेली नाई. माईक घे न् बोल. तेच वाक्य. आवाज तुयाच होता ना?"

म्हटलं, बाई, ते खोटं होईल.

"मायं नाव खोटं हाये का?"

म्हटलं, नाव खरं. पण तेव्हाचा मांडव, ते हार्मोनियम, बायकांच्या टाळ्या, ते कुठून आणू?

ती डब्याकडून माझ्याकडे वळली. "टाळ्या वाजल्या होत्या?"

हो म्हटलं. बायकांच्या बाजूने.

"मले नाई आयकू आल्या. मी तर मान खाली घालून बसली होती. मायं ध्यान त्या हासणाऱ्याकडं होतं. मले त्याचंच हासणं याद हाये." मग उठली. "मंग ते पट्टीवरचंच पाह्य बाप्पा. न् नाई चाललं तर बोलजो."

जा. बां.ना फोनवर सांगितलं. म्हणाले, तुमचा आताचा आवाज जुन्या गाण्यात असा बसवून देतो की कोणाला कळणार नाही. मला कळेल, म्हटलं. या वेळी आवाज चढला. चढू दिला. ही स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली.

५ एप्रिल, शनिवार

नात आली होती, एकटी. बुधवारी सेवाग्रामला जाते आहे. हातात घडी घातलेला कागद. "आजीनं दिला. म्हणाली, माईकवाल्याले देजो, न् मधी वाचू नको." वाचली नसेल असं वाटत नाही, कारण घडी उलगडून पुन्हा घातलेली दिसत होती आणि पोरगी माझ्याकडे नीट बघत नव्हती. जाताना म्हणाली, "आबा, त्या दिवशी मी हासली नाई. मले काय करावं ते समजलं नाई."

चिठ्ठी उघडली. चार घड्या, तशाच, तेव्हा मांडवातून हातोहात यायच्या तशा. अक्षर नातीचं नाही, वाकडं, आजीनेच कोणाकडून तरी शिकून काढलेलं. 'शेवंताबाई.' बस. जिनातली पण नाही.

कॅसेट टेपमध्ये घालून ठेवली आहे, बटणाला हात लावला नाही. तिसऱ्या खणाचा दिवा हिरवा आहे. जुना माईक पलंगाखालून काढून पुसला, जाळीत धूळ होती. तो डब्याजवळ ठेवला, चिठ्ठी त्याच्याखाली. तिच्यासाठी बोलायचं की पट्टीची वाट बघायची, हे ठरवणारा मी एकटाच, आणि माझा नियम तर साधा होता. चिठ्ठी आली की वाचायची. मांडव नसताना, पार्टी नसताना, समोर कोणी नसताना चिठ्ठी आली तर काय करायचं, ते कधी ठरलेलंच नव्हतं.

उद्या सकाळच्या गाडीने जा. बा. येतात.

दुपारपासून ही दोनदा विचारून गेली, "काऊन जी, खोकला झाला का? सारखा घसा साफ करून राह्यले."